जुनी हार्ड डिस्क नवीन कॉम्प्युटरला जोडायची आहे? आधी हे वाचा, मग ॲडॉप्टर मागवा

बऱ्याच जणांकडे जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली एखादी हार्ड डिस्क पडून असते, त्यात लहान मुलांचे फोटो असतात, आता हयात नसलेल्या कुणाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असतं, जुन्या कामाच्या फायली असतात, आणि नवीन लॅपटॉपला ती लावायला जागाच नसते. मग काय होतं, ऑनलाइन शोधून जो पहिला दिसेल तो यूएसबी ॲडॉप्टर मागवला जातो आणि तो आल्यावर कळतं की पिनाच जुळत नाहीत, किंवा जुळतात पण डिस्क फिरतच नाही. माझं सांगणं एवढंच आहे की ॲडॉप्टर घेणं हे तिसरं काम आहे. पहिलं काम डिस्क नेमकी कोणती ते ओळखणं, दुसरं तिला वीज कुठून मिळणार ते ठरवणं. आणि एकदा का ती चालू झाली की सगळ्यात आधी कॉपी, बाकी दुरुस्ती बिरुस्ती सगळं नंतर.

पहिलं काम: डिस्क हातात घ्या आणि मागची बाजू बघा

आकाराने सुरुवात करा. डेस्कटॉपमधली जाड, जड डिस्क साडेतीन इंची, लॅपटॉपमधली तळहाताएवढी अडीच इंची. पण खरं उत्तर आकारात नाही, कनेक्टरमध्ये आहे.

दोन ओळींमध्ये उभ्या पिना दिसत असतील तर ती आयडीई, तिलाच पाटा पण म्हणतात. साडेतीन इंची आयडीईला ४० पिनांची जागा असते, त्यातली मधली एक पिन बहुतेक वेळा मुद्दामच काढलेली असते म्हणजे केबल उलटी बसू नये, त्यामुळे ती तुटलीय असं समजून घाबरू नका. शेजारी चार जाड पिनांचं पॉवरचं सॉकेट, ज्याला सगळे मोलेक्स म्हणतात, आणि या दोघांच्या मध्ये सहसा जंपरच्या छोट्या पिना (जंपर म्हणजे दोन पिना जोडणारं छोटंसं टोपण, त्याने डिस्कची सेटिंग ठरते). अडीच इंची आयडीईला ४४ पिना असतात आणि त्या जास्त जवळ जवळ असतात, दोन पिनांमध्ये २ मिलिमीटर अंतर, मोठ्या डिस्कमध्ये तेच २.५४ मिलिमीटर असतं. म्हणजे मोठ्या डिस्कची केबल छोट्या डिस्कवर दाबून बसवायचा प्रयत्न केला तर पिना वाकणारच. त्या जास्तीच्या चार पिनांमधून पॉवर जाते म्हणून छोट्या डिस्कला वेगळं पॉवरचं सॉकेट दिसत नाही. बाजूला थोडी मोकळी जागा सोडून अजून चार पिना दिसतील त्या जंपरच्या, त्यांच्यावर केबल चढवायची नाही, एका बाजूला सरकून चुकीची बसली की गडबड होते.

पिनाच नाहीत आणि इंग्रजी एल सारख्या वळणाच्या दोन चपट्या पट्ट्या आहेत, एक छोटी एक लांब, तर ती साटा. छोटी ७ संपर्कांची डेटासाठी, लांब १५ संपर्कांची पॉवरसाठी. साटाचं सुख हे की अडीच आणि साडेतीन इंची दोन्हींना कनेक्टर सेमच असतो. पण नीट बघा, त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये खाच आहे का? खाच नसेल आणि मधली जागा भरलेली असेल तर ती सॅस डिस्क, सर्व्हरमधली. दिसायला साटाची जुळी बहीण, पण साधा साटा ते यूएसबी ॲडॉप्टर तिला चालत नाही, तिच्यासाठी डेस्कटॉपमध्ये सॅस कंट्रोलरचं, म्हणजे डिस्क चालवणारं, कार्डच लागतं. उलटं मात्र चालतं, सॅस कंट्रोलरला साटा डिस्क लावता येते.

४० पेक्षा जास्त पिना वाटल्या तर मोजा. ५०, ६८ किंवा ८० निघाल्या तर ती स्कझी डिस्क, आणि तिच्यासाठी कार्ड, टर्मिनेटर, आयडी नंबर हा सगळा वेगळाच संसार आहे, आयडीईचा ॲडॉप्टर तिथे काही कामाचा नाही. अगदी जुन्या, ऐंशीच्या दशकातल्या डिस्कला ३४ आणि २० अशा दोन वेगळ्या पट्ट्यांची केबल लागायची, तिथे बाजारात मिळणारा कुठलाच साधा यूएसबी ॲडॉप्टर चालणार नाही, त्या काळचा कंट्रोलर शोधावा लागतो. आणि १.८ इंची इवल्याशा डिस्क, जुन्या छोट्या लॅपटॉपमध्ये आणि म्युझिक प्लेअरमध्ये यायच्या, त्यातल्या बऱ्याच डिस्कला कागदासारखी पातळ रिबन लागते, तिचा ॲडॉप्टर वेगळा मिळतो, फक्त ती रिबन धरून ठेवणारी बारीक पट्टी हळूच उघडायची, जोर लावला की तुटते.

लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, क्षमता, व्होल्टेज, जंपरचं चित्र सगळं तिथेच असतं आणि डिस्क एकदा जोडली की लेबल कधी कधी दिसत नाही.

वीज, इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

साडेतीन इंची डिस्कला दोन व्होल्टेज लागतात, मोटर फिरवायला १२ व्होल्ट आणि सर्किटसाठी ५ व्होल्ट. अडीच इंचीला फक्त ५. आता आपल्या नेहमीच्या यूएसबी पोर्टमधून किती मिळतं, ५ व्होल्ट. म्हणजे साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर फिरणार नाही, मग ॲडॉप्टरच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे. तिच्यासाठी ॲडॉप्टरसोबत भिंतीत लावायचा वेगळा पॉवर अडॅप्टर आलाच पाहिजे, आणि तो बॉक्समध्ये आहे ना हे मागवायच्या आधी वाचून घ्या, कारण त्याच फोटोचे दोन प्रकार विकले जातात, एक पॉवरसकट आणि एक नुसती केबल.

अडीच इंचीचं जरा वेगळं आहे. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९०० देतो, आणि डिस्क स्थिर फिरायला लागली की तिला तेवढं पुरतं पण सुरू होताना काही सेकंद जुन्या डिस्क १ अँपिअरपर्यंत मागतात. तेवढी मिळाली नाही की डिस्क फिरायला लागते, थांबते, परत फिरते, टिक टिक आवाज करते, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. ती गेलेली नसते, उपाशी असते. अशा वेळी दोन यूएसबी टोकं असलेली केबल वापरा किंवा स्वतःची पॉवर असलेला यूएसबी हब घ्या. बिनपॉवरच्या हबवर, कीबोर्डवरच्या पोर्टवर, लांबलचक एक्स्टेंशनवर जुनी डिस्क कधीच लावू नका.

आता एक इशारा आणि हा मी अगदी मनापासून देतोय. घरात पडलेला दुसरा कुठलाही पॉवर अडॅप्टर, पिन बसते म्हणून, डिस्कच्या ॲडॉप्टरला लावू नका. गोल पिना सगळ्यांच्या सारख्या दिसतात, लॅपटॉपचा चार्जर साधारण १९ व्होल्टचा असतो, तो १२ व्होल्टच्या जागी गेला तर डिस्कचं सर्किट एका क्षणात जळू शकतं आणि सोबत डेटाची वाट लागते. तसंच मोलेक्सचं. त्याचे दोन कोपरे कापलेले असतात, ते जुळवूनच आत सरकवा, पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, दोन काळ्या ग्राउंड. जुन्या प्लास्टिकचं मोलेक्स ढिलं असेल तर जोर लावून उलटंही घुसतं, आणि मग ५ च्या जागी १२ जातात.

ॲडॉप्टर कोणता घ्यायचा

ॲडॉप्टर दोन जातींचे असतात. काही फक्त आकार बदलतात, म्हणजे तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या, बाकी काही नाही. ४४ पिनांचं ४० पिनांना करणारा छोटा तुकडा, किंवा ईसाटाची (साटाचाच बाहेरून जोडायचा प्रकार) केबल, या त्यातल्या. दुसऱ्या जातीत आत एक चिप असते जी एका बाजूची भाषा दुसऱ्या बाजूला समजावून सांगते, कारण आयडीईमध्ये १६ बिट एकाच वेळी समांतर तारांमधून जातात आणि साटा किंवा यूएसबीमध्ये एकामागोमाग एक, नुसत्या तारा जोडून हे होणं शक्यच नाही. हे लक्षात राहिलं की फसवणूक ओळखता येते. उदाहरणार्थ फायरवायरच्या (यूएसबीसारखाच एक जुना पोर्ट) जुन्या बाहेरच्या डिस्कसाठी एक टोक फायरवायर आणि दुसरं यूएसबी अशी स्वस्त केबल दिसते, आत चिप काही नसते, त्यातून डेटा येणारच नाही. अशी बाहेरची डिस्क असेल तर खोका उघडून आतली आयडीई किंवा साटा डिस्क बाहेर काढणं जास्त सरळ.

नवख्या माणसाने काय घ्यावं असं विचाराल तर एकाच ठोकळ्यावर तिन्ही तोंडं असलेला यूएसबी ॲडॉप्टर, ४० पिनी, ४४ पिनी आणि साटा, सोबत १२ आणि ५ व्होल्ट देणारा पॉवर अडॅप्टर आणि मोलेक्सची व साटाची पॉवर वायर. घरात पुढे कुठलीही डिस्क निघाली तरी तो चालतो. एका वेळी एकच डिस्क लावायची, तीन तोंडं म्हणजे तीन डिस्क असं नाही.

यूएसबी २ घ्यायचा की ३? नुसती आयडीई असेल तर २ सुद्धा पुरतो. यूएसबी २ मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात, आणि ४० जीबीची डिस्क पूर्ण भरलेली असली तरी ३० च्या वेगाने साधारण २२ मिनिटांत उतरते. छोट्या छोट्या फायली हजारो असतील तर जास्त वेळ जातो, तेवढा धीर धरायचा. साटासाठी मात्र यूएसबी ३ च घ्या, १ टीबीची डिस्क सेकंदाला ३५ एमबीने काढायला ८ तास लागतात, १०० एमबीने पावणेतीन. नवीन लॅपटॉपला फक्त टाइप सी पोर्ट असेल तर साधा सी ते ए कन्व्हर्टर चालतो, त्यात काही गुंतागुंत नाही.

डेस्कटॉपच्या आतच लावायची असेल तर आयडीई ते साटा कन्व्हर्टर मिळतो, डिस्कच्या मागे बसणारी छोटी पाटी. त्यात दिशा बघा. एक प्रकार आयडीई डिस्क साटा मदरबोर्डला जोडतो, दुसरा प्रकार बरोबर उलटा, साटा डिस्क जुन्या आयडीई मदरबोर्डला. दिसायला दोन्ही सारखे, नावंही सारखी, आणि काही पाट्यांवर दिशा बदलायचा जंपर असतो. वर्णनात डिस्क कुठली आणि बोर्ड कुठला हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

जोडायचं कसं

आयडीई असेल तर आधी जंपर. एका आयडीई केबलवर दोन डिस्क लागायच्या, पहिली मास्टर आणि दुसरी स्लेव्ह; आपली डिस्क एकटीच आहे म्हणून ती मास्टर पाहिजे, स्लेव्हवर ठेवली तर बरेच ॲडॉप्टर तिला ओळखतच नाहीत. जंपर कुठे घालायचा ते लेबलवरच्या चित्रात असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कमध्ये तर एकटी डिस्क आणि सोबत दुसरी असलेली मास्टर या दोन वेगळ्या सेटिंग असतात, एकट्या डिस्कला जंपर काढूनच टाकायचा. अडीच इंचीला सहसा जंपर नसला की ती मास्टरच. काही डिस्कवर अजून एक जंपर असतो जो क्षमता ३२ जीबीवर अडवून ठेवतो, जुन्या मदरबोर्डसाठी ही सोय होती, त्यामुळे ६० ची डिस्क ३२ दाखवत असेल तर आधी तिथे बघा.

हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्टॅटिक घालवा. डिस्क सपाट, कडक, कोरड्या जागी आडवी ठेवा, लाकडी टेबल उत्तम, गादी किंवा टॉवेल नको कारण गरम होते, आणि खालचं सर्किट धातूला टेकू देऊ नका. एकदा फिरायला लागली की तिला उचलायचं नाही, सरकवायचं नाही. आतल्या तबकड्यांवरून रीड हेड अगदी केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून तरंगत असतं, त्या वेळी बसलेला धक्का महाग पडतो.

क्रम असा ठेवा. सगळं बंद असताना ॲडॉप्टर डिस्कला नीट, सरळ दाबून बसवा. मग पॉवरची वायर डिस्कला. मग पॉवर अडॅप्टर भिंतीत लावून चालू करा आणि कान देऊन ऐका, डिस्क वेग घेते आणि मग एकसारखा आवाज येतो, त्याला दहा-पंधरा सेकंद द्या. आणि शेवटी यूएसबी कॉम्प्युटरला. यूएसबी आधी लावली तर कॉम्प्युटर विचारतो आणि डिस्क अजून जागीच झालेली नसते, म्हणून दिसत नाही.

स्क्रीनवर काय विचारेल आणि काय उत्तर द्यायचं

विंडोज म्हणेल की वापरायच्या आधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर म्हणेल डिस्क इनिशियलाइज करा. नाही. स्कॅन करून दुरुस्त करू का म्हणेल, तेही आत्ता नाही. या तिन्हींमध्ये जुन्या डिस्कवर काहीतरी लिहिलं जातं आणि आपल्याला कॉपी होईपर्यंत तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाहीये.

फॉरमॅट करा असं म्हणतो याचा अर्थ दर वेळी डिस्क खराब असा नसतो. ती मॅकची असेल, लिनक्सची असेल, तर विंडोजला ती भाषाच वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, क्षमता बरोबर दिसतेय का, पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग दिसतायत का. दिसत असतील तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा, तो विंडोजचे फॅट आणि एनटीएफएस, लिनक्सचे एक्स्ट हे फायली साठवायचे प्रकार आणि जुन्या मॅकच्या बऱ्याच डिस्क वाचतो, आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करता येते, म्हणजे उघडता येते, हा मोठा फायदा. अगदी जुन्या मॅकची साध्या एचएफएस प्रकाराची डिस्क मॅकओएस १०.१५ पासून खुद्द मॅकवरही उघडत नाही, तिथेही लिनक्स कामाला येतो.

जुन्या विंडोजचं युझर फोल्डर उघडताना परवानगी नाही असं येऊ शकतं, ते फक्त मालकी जुन्या युझरच्या नावावर असल्यामुळे, डेटा जागेवरच असतो. लिनक्समधून उघडलं तर हा प्रश्न सहसा येतच नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर मात्र पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच, ॲडॉप्टर बदलून काही होणार नाही.

दिसतच नाही, मग?

फिरतेय का ते आधी. फिरत नसेल तर पॉवर, वायर, मोलेक्स. फिरतेय पण दिसत नाही, तर जंपर, मग दुसरा यूएसबी पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर, या क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे कशामुळे चाललं ते कळतं.

त्यानंतरची कारणं थोडी खोलातली आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या, काहीशे एमबीच्या डिस्कना एलबीए (डिस्कवरच्या जागांना सरळ ओळीने क्रमांक देण्याची) पद्धत समजत नाही आणि बहुतेक यूएसबी चिप फक्त तीच वापरतात, अशा डिस्कला आयडीई पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर शोधणंच बरं. उलट बाजूला, जुना ॲडॉप्टर आणि मोठी डिस्क असेल तर काही चिप १३७ जीबीच्या पुढे बघू शकत नाहीत आणि काही २ टीबीच्या पुढे. लॅपटॉपच्या बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधून) डिस्कला पासवर्ड टाकलेला असेल तर ती यूएसबीवरून उघडत नाही, तो पासवर्ड आणि शक्यतो तसाच लॅपटॉप लागतो.

आणि बाहेरच्या, खोक्यातल्या डिस्कबद्दल एक सांगायलाच हवं. खोक्याचा पोर्ट तुटला म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या ॲडॉप्टरला लावली आणि ती रिकामी दिसली, असं होतं. काही खोक्यांमधली चिप डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करून, म्हणजे गुप्त संकेतात, लिहिते, काही चिप सेक्टरचा (डिस्कवरच्या डेटाच्या सगळ्यात छोट्या तुकड्याचा) आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट असल्याचं दाखवतात, म्हणून दुसऱ्या ॲडॉप्टरवर पार्टिशन सापडत नाही. डेटा तसाच आहे. त्याच जातीचं खोकं किंवा त्याचं मूळ सर्किट मिळवा, आणि तोपर्यंत फॉरमॅटला हात लावू नका. काही अडीच इंची बाहेरच्या डिस्कमध्ये तर साटा नसतोच, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवर सोल्डर केलेला असतो.

कॉपी

डिस्क शांतपणे चालतेय, फायली उघडतायत, तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी उचला, पूर्ण डिस्क एकदम नाही. आधी फोटो, कागदपत्रं, मग बाकीचं. म्हातारी डिस्क दोन तास चालेल की दोन वर्षं हे कुणी सांगू शकत नाही. साडेतीन इंची उघड्यावर बराच वेळ चालणार असेल तर बाजूला छोटा पंखा लावा.

तब्येत बघायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो सारखा प्रोग्रॅम स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवतो, ॲडॉप्टरच्या चिपने ते पुढे जाऊ दिले तर. तिथे ५, १९७ आणि १९८ या नंबरच्या ओळी बघा, म्हणजे बदललेले, वाट बघत असलेले आणि न वाचता आलेले सेक्टर. या शून्य नसतील, किंवा कॉपी मध्येच अडकून राहत असेल, तर साध्या कॉपीचा नाद सोडा. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू वापरा, तो आधी सोपे भाग पटापट उचलतो, अडणारे भाग नंतरसाठी ठेवतो, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो त्यामुळे मध्ये थांबून परत तिथूनच सुरू करता येतं. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क मग इमेजची (पूर्ण डिस्कच्या हुबेहूब प्रतीची) फाइल, हा क्रम दोनदा तपासा. पूर्ण डिस्कची इमेज झाली की टेस्टडिस्क, फोटोरेक असे हरवलेलं शोधणारे प्रोग्रॅम, जे काय चालवायचं ते त्या इमेजवर चालवा, मूळ डिस्कला विश्रांती.

खट खट असा ठराविक लयीत आवाज येत असेल आणि पॉवर पुरेशी आहे याची खात्री असेल तर लगेच बंद करा. परत परत चालू करून बघू नका, झाकण उघडू नका, फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका, बाष्प आत जमतं. तो डेटा खरंच हवा असेल तर रिकव्हरी लॅबकडे द्या, आणि जितकी कमी वेळा चालू केलेली असेल तितकी त्यांना मदत.

काढताना सेफली रिमूव्ह, मग यूएसबी, मग पॉवर, आणि तबकड्या थांबेपर्यंत वीसेक सेकंद डिस्क तिथेच राहू द्या.

कॉपी झाल्यावर नुसती फोल्डरची साइज बघून समाधान मानू नका, वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो आणि व्हिडिओ उघडून, शेवटपर्यंत चालवून बघा. मग त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा. जुनी डिस्क लगेच पुसू नका, अँटीस्टॅटिक पिशवीत तारखेसकट ठेवा. आणि कधी द्यायची किंवा टाकायची वेळ आलीच तर क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, व्हिस्टापासून पुढे तो सगळीकडे शून्य लिहितो, मात्र डिस्कवर एकापेक्षा जास्त पार्टिशन असतील तर प्रत्येकाचं वेगळं करावं लागतं.